सहा टाक्यांचा वळ

ती घटना अण्णांना आजही आठवते आणि मलाही. फक्त आम्हा दोघांना तिची वेगवेगळी टोकं आठवतात. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात फौजदार होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीतली एखादी हकीकत लिहून द्या असं एका मासिकाने कळवलं, तेव्हा त्यांनी हीच निवडली. संधिवातामुळे त्यांना लेखणी धरवत नाही, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. नाव कोणाचंच घालायचं नाही, ही त्यांची अट. माझीही तीच होती.

चार वर्षांपूर्वी मी इंग्रजी शाळेत शेवटच्या वर्गात होते. शनिवारी दुपारी शिवणाचा तास वरच्या व्हरांड्यात असे. खाली शाळेची भिंत आणि भिंतीपलीकडे फुटबॉलचं मैदान. श्रावण-भाद्रपदात तिथे सामने चालत. मान खाली घालून टाके घालायचे आणि अधूनमधून नजर वर करून खेळ पाहायचा, असे मी तीन हंगाम पाहिले. कोण कुठे उभा राहतो, कोण लबाडी करतो, चेंडू भिजला की कोणाची लाथ आखूड पडते, सगळं मला माहीत होतं. ते मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तितक्या लांबून खेळाचा आवाज उशिरा पोचतो. पाय चेंडूला लागलेला आधी दिसतो आणि 'धप्प' मागून येतं. त्यामुळे खालची माणसं मला पाण्याखाली खेळत असल्यासारखी वाटत.

विणकरांच्या पेठेतल्या संघाचा सेंटर फॉरवर्ड तेलुगू घरातला, काटकुळा, सगळ्यांसारखाच अनवाणी खेळणारा. तो डोक्याने गोल मारी. चेंडू उंच आला की सगळं मैदान ओरडे, "डोकं! डोकं!" आणि तो वर जाई.

एकदा चेंडू आमच्या आवारात आला. मी रीळ उचलायला खाली गेले होते. भिजलेलं कातडं भरलेल्या कळशीसारखं जड लागलं. चेंडूचं तोंड चामड्याच्या वादीने आवळलेलं होतं. सहा आडवे टाके, तारेसारखे कडक. भिंतीवरून तो फॉरवर्ड छातीपर्यंत वर आला आणि म्हणाला, "बाई, बॉल द्या की."

मी दिला. का कोण जाणे, विचारलंही, "हा डोक्याला लागत नाही?"

"लागतो की. वादीकडून आला तर दिवसा तारे दिसतात. गोल झाल्यावर कोण बघतंय?" तो हसला आणि उतरला. आमचं बोलणं एवढंच.

आता अण्णांची बाजू. एका रविवारी ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना खबर आली, की किल्ल्याजवळच्या तळ्याच्या पायरीवर एक तरुण बेशुद्ध पडला आहे. पहाटे आंघोळीला आलेल्यांनी त्याला पाहिलं होतं. तो हाच फॉरवर्ड. आदल्या दिवशी त्याच्या संघाने सेमीफायनल जिंकली होती आणि पोरगा मित्रांबरोबर असेल म्हणून आई निश्चिंत झोपली होती. कपाळावर केसांच्या कडेला निळा वळ होता, शेजारी शेजारी सहा आखूड रेघांचा. अण्णांनी पंचनामा केला आणि तो वळ मापाने कागदावर पेन्सिलीने काढून घेतला. जवळ एक काळी टोपी पडली होती. ती त्याच्या डोक्याला मोठी होत होती. तशी नोंद झाली, पण तिचा अर्थ कोणी लावला नाही.

दुपारपर्यंत नेहमीच्या खबऱ्याने माणूस दिला. हरलेल्या संघाचा बचावफळीतला बॅक, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम. शनिवारी संध्याकाळी नवी पेठेतल्या चहाच्या दुकानात दोघांची बाचाबाची झाली होती आणि बॅक चारचौघांत म्हणाला होता, "तुजं टकुरं फोडल्याबिगर ऱ्हात न्हाय." दिवेलागणीला तोच फॉरवर्डचा दंड धरून तळ्याकडे जाताना दिसला होता. त्याच्या खोलीत मागावरचा चामडी पट्टा सापडला, जाड दोऱ्याने शिवलेला. पंचांसमक्ष पट्टा जप्त झाला आणि बॅक कच्च्या कैदेत गेला. डॉक्टरांनी सांगितलं, शुद्ध येईल की नाही ते सांगता येत नाही. तो गेला असता तर कलम बदललं असतं आणि बॅकच्या गळ्याशी दोर आला असता.

अण्णा म्हणतात, खोटं बोलणाऱ्याची हकीकत दर वेळी थोडी लांबते, कारण मागचं भोक बुजवायला त्याला नवं ठिगळ लागतं. बॅकची हकीकत दोन दिवसांत एका शब्दाने लांबली नाही.

"त्यो वाट चुकत व्हता, साहेब. सोताच्या गल्लीम्होरनं तीनदा गेला. म्हनून हात धरला."

हवालदार हसले. "जिथं जन्मला तिथली वाट चुकतो व्हय रे? प्यायला व्हता का?"

"न्हाय. मला इचारलं, आज म्याच हाय का म्हनून."

"मॅच तर झाली होती," अण्णा म्हणाले.

"व्हय. तेच की." मग तो पुढचं सांगू लागला. "पायरीवर बसला. म्हनला, आता बरं वाटतंय, तू जा. मी आलो. थांबाया पायजे हुतं."

अण्णांना तो खरा वाटत होता. पण फौजदाराला वाटून चालत नाही. इस्पितळात फॉरवर्डची आई खाटेच्या लोखंडाला धरून बसलेली असे. ती अण्णांना एवढंच म्हणाली, "माझा बिड्डा उठला नाही तर त्यालापण सोडू नका, साहेब." मुलाला बिड्डा म्हणायची त्यांच्यात रीत आहे. बुधवारी कागद मॅजिस्ट्रेटपुढे जायचे होते.

मंगळवारी दुपारी अण्णा जेवायला घरी आले आणि कागदांची चळत पाटाजवळ ठेवून बसले. मी तांब्या ठेवायला वाकले आणि वरच्या कागदावरच्या त्या सहा रेघा पाहिल्या. त्या दुपारपर्यंत फॉरवर्डला कोणीतरी पट्ट्याने मारलं, एवढंच मी ऐकलं होतं.

"अण्णा, ही शिवण पट्ट्याची नाही," मी म्हणाले.

अण्णांचा घास हातातच राहिला. पट्ट्याची शिवण लांबीच्या अंगाने सलग जाते. हे टाके आडवे आहेत आणि मधून बारीक फट गेली आहे. दोन कडा ओढून तोंड आवळलेलं आहे. एवढं मी बोलले, कारण शिवणाबद्दल बोलणं सोपं होतं.

"तुला कसं माहीत?"

ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. तो साक्षीदाराला विचारायचा आवाज होता. आई भाकरी घेऊन दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली. कुठून पाहिलंस, किती वेळा, बरोबर कोण होतं, चेंडू हातात कधी घेतलास, दिला कोणाला, तो काय म्हणाला. एकेका उत्तरागणिक माझी शाळा बंद होत चालली आहे, असं मला दिसत होतं. आईच्या हातातली भाकरी काही ताटात पडेना. पण फॉरवर्ड वाट चुकत होता असं बॅक सांगतो, हे अण्णांनी पाटावर बसतानाच आईला सांगितलं होतं आणि ते ऐकल्यापासून मला शनिवारचं मैदान डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

मी सांगितलं. बॅकने आपल्या गोलजवळून उंच लाथ मारली. आठवडाभर भिजलेला चेंडू. सगळे ओरडले, "डोकं!" फॉरवर्ड वर गेला, खाली पडला, आणि मग आवाज आमच्यापर्यंत आला. त्याच्या डोक्याला ओला पंचा बांधला. तो उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो चेंडू घेऊन आपल्याच गोलकडे धावत निघाला. त्याच्याच संघाच्या गोलरक्षकाने त्याला खांद्याला धरून फिरवलं. तो प्रत्येकाला काहीतरी विचारत होता आणि ते बोटं दाखवत होते. शेवटी शेवटी त्याने गोल केला.

"कशाने?"

"डोक्याने."

अण्णा हात धुऊन उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

त्याच दुपारी संघाकडचा चेंडू जप्त झाला. ठाण्यात बादलीत भिजवला, वळाचं चित्र तेलकागदावर उतरवलं आणि वादीवर ठेवलं. सहाच्या सहा टाके रेघांखाली गेले. पट्ट्याची शिवण त्यावर कशीही बसेना. मग फॉरवर्डच्या संघाचा कॅप्टन बोलावला. तो म्हणाला, काही झालंच नव्हतं, खेळात पडणं-उठणं चालतंच. त्यात खोटेपणा नव्हता, असं अण्णा म्हणतात. सगळ्या मैदानाने फॉरवर्डला पडताना पाहिलं होतं, पण तो उठला आणि गोल केला, म्हणून कोणालाच ते सांगण्याजोगं वाटलं नव्हतं. अण्णांनी ती काळी टोपी कॅप्टनच्या डोक्यावर ठेवली. बरोबर बसली.

"बोटं किती दाखवलीस त्याला?" त्यांनी विचारलं.

कॅप्टन रडू लागला. "तीनदा विचारलं त्यानं, किती झाले म्हणून. फायनल आठ दिवसांवर होती, साहेब. फायनलच्या समोरच्यांना कळू नये म्हणून मॅच सुटल्यावर मीच माझी टोपी घातली त्याला, भुवयांपर्यंत."

डॉक्टरांनी लेखी दिलं, की असा मार लागलेला माणूस काही तास चालतो, बोलतो, भांडतोसुद्धा. आत रक्त साचत जातं आणि मग तो कोसळतो. बुधवारी बॅक सुटला. पट्टा परत घेताना त्याने पावतीवर अंगठा उठवला आणि एकच विचारलं, "त्यो बोलतो का?"

नवव्या दिवशी तो बोलला. जगला. पण डावा हात कापतो, मागावर आता त्याची बहीण बसते, आणि तो हंगाम त्याच्या आठवणीतून पुसला गेला. शेवटचा गोल आपण केला, हे त्याला माहीत नाही. सांगितलं तर ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

माझी शाळा बंद झाली नाही. त्या शनिवारी आईने सुईदोऱ्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तास चुकवू नकोस."

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मी लिहिण्यासाठी विचारलं, तेव्हा अण्णा आरामखुर्चीच्या हातावर बोटं फिरवत होते. "जन्मभर मी एकच प्रश्न विचारत आलो," ते म्हणाले, "हात कोणी उगारला. इथे कोणीच उगारला नव्हता. तो उठला तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्यांनी तो पुन्हा खेळला. टाळ्यांना कलम नाही."

माझा जबाब अण्णांनी स्वतः लिहून घेतला होता. त्यात मी सगळं खरं सांगितलं, एक वाक्य सोडून. ते इथे लिहिते. सुई कापडात खोचून मीही टाळ्या वाजवल्या होत्या. शिवणाच्या बाईंनी मान वर करून पाहिलं, इतक्या जोरात.

डोक्याला लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, असा अहवाल अण्णांनी वर पाठवला होता. 'पाहिला' असा शेरा मारून तो परत आला. म्हणून यंदा ते स्वतः मैदानावर जातात. बरोबर घरची घडीची खुर्ची असते. कोणाच्या डोक्याला लागलं की छडी टेकत आत जातात आणि त्याला खुर्चीत आणून बसवतात. रेफरी पहिल्यांदा चिडले, आता शिट्टी वाजवून थांबतात. लोक त्यांना डोक्याचा फौजदार म्हणतात. एकदा मागून कोणी ओरडलं, "साहेब, पेन्शनीत बी अटक करताय व्हय?" अण्णा मागे न बघता म्हणाले, "अटक नाही. बसवतोय."

मीही आता त्यांच्याबरोबर रेषेजवळ उभी राहते. इथे आवाज लगेच येतो. त्याची मला अजून सवय झालेली नाही.

थोड्या अंतरावर ते दोघे असतात, फॉरवर्ड आणि बॅक. बॅकने खेळ सोडला. दर शनिवारी तो याला घरून आणतो आणि घरी पोचवतो. फॉरवर्ड पुन्हा पुन्हा विचारतो, "किती झाले?" आणि बॅक दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगतो, "तुमी एकानं म्होरं हाय."

परवाच्या शनिवारी विणकरांचा संघ दोन गोलांनी मागे होता. फॉरवर्डने विचारलं, बॅकने तेच सांगितलं. मग का कोण जाणे, फॉरवर्ड माझ्याकडे वळला. मला त्याने ओळखलं नव्हतं. त्याचा डावा हात उजव्या हातात होता.

"खरं का, बाई?"

"हो," मी म्हणाले. "एकाने पुढे."

अण्णा शेजारीच होते. त्यांनी ऐकलं, आणि मैदानाकडे पाहत राहिले.