दादाचं मत

दादाला सिनेमा बघण्यापेक्षा त्यावर बोलण्यात जास्त रस होता. बघणं अडीच-तीन तासांत संपायचं, बोलणं पुढच्या रविवारपर्यंत पुरायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी तो आणि वहिनी राहतात. चार-सहा गाई आहेत, थोडी शेती आहे. मी भिंगारला, लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन कारकून. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवार अंगावर यायचा. सकाळच्या धारा आटोपून, डेअरीला दूध घालून दादा एसटीनं नगरला यायचा. दुपारचा खेळ बघून आम्ही स्टँडसमोर चहाला बसायचो आणि संध्याकाळच्या धारेच्या आत पोचायचं म्हणून तो परत निघायचा. कोरोनात थेटरं बंद पडून पुन्हा उघडली, तेव्हापासून हे सुरू झालं. आम्हा भावांना एकमेकांशी बोलायला दुसरं फारसं काही नव्हतं. घरातल्या कुठल्याही विषयावर दोन वाक्यांत आम्ही गप्प व्हायचो. सिनेमाचा विषय निघाला की मात्र त्याची एसटी निघेपर्यंत बोलत राहायचो, म्हणजे तो बोलायचा आणि मी अधूनमधून विरोध करायचो.

त्याची मतं सगळी गोठ्यातून आणि बांधावरून आलेली. गावाकडची गोष्ट म्हणून गाजलेला एक मराठी सिनेमा आम्ही बघितला. आसपासची माणसं डोळे पुसत होती. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "ती बाई धार काढीत हुती, पन बादलीत आवाजच न्हाई. आन् बसली कुन्या अंगाला? गाय लाथ घालंल तिला." दक्षिणेकडचे डब झालेले सिनेमे त्याला आवडायचे. दाढीवाला हिरो कुऱ्हाड घेऊन संथपणे चालत आला की तो खुर्चीत पुढे सरकायचा. तरी चहाला बसल्यावर म्हणायचाच, "एवढी मानसं मारली, पन एकाच्याबी घरचं कुनी रडाय आलं न्हाई." इतिहासातल्या लढायांचा एक सिनेमा आला तेव्हा अख्खं थेटर उभं राहून घोषणा देत होतं. दादाही उभा राहिला, घसा फोडून ओरडला. नंतर चहाची बशी पुढं ओढत म्हणाला, "लढाई झ्याक दावली. पन एवढ्या फौजेला भाकऱ्या कोन थापत हुतं, ते न्हाई दावलं."

येणाऱ्या सिनेमांवर तर तो न बघताच बोलायचा. इंटरव्हलला पुढच्या चित्रपटांच्या झलका दाखवायचे, तेव्हा मी लाह्या आणायला उठलो तरी तो जागचा हलायचा नाही. दोन मिनिटांच्या झलकेवरून अख्खी गोष्ट सांगायचा. शेवट काय होणार, तो कसा चुकीचा होणार आणि खरा कसा व्हायला पाहिजे, तेही सांगायचा. पुढं तो सिनेमा आला की बऱ्याचदा तसंच निघायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याचा आवाज बसला. धुरळ्यानं झालं असेल, गार पाण्यानं झालं असेल, असं तो म्हणाला. बिड्या तो लहानपणापासून ओढायचा, पण त्यांचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. त्या दिवसांत पडद्यावरचे सगळे हिरो घोगऱ्या, खर्जातल्या आवाजात बोलत होते. मी म्हणालो, "दादा, तू आता हिरोसारखा बोलायला लागलास." त्याला ते इतकं आवडलं की दर रविवारी चहावाल्यासमोर मान तिरकी करून तो त्या आवाजात एखादं वाक्य फेकायचा. चहावाला हसायचा, मीही हसायचो. तीन महिने आम्ही त्या आवाजावर हसत होतो.

मग एक दिवस वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ह्यांना घास गिळाया तरास हुतोय. माझं ऐकंनात. तुमी दवाखान्यात न्या."

नगरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि पुण्याला जायला सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण त्यांनी काही लपवलं नाही. आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल, गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा, बोलणं जाईल.

"जेवाय येईल का?" दादानं विचारलं.

"येईल."

"मंग काढा."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी नर्स येऊन म्हणाली, "आजोबा, जे काय बोलायचं असेल ते आज घरच्यांशी बोलून घ्या." दादा अजून साठीचाही नव्हता. वहिनी पलंगाजवळ स्टुलावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्या दोघांना मोकळं सोडावं म्हणून मी उठलो, तर दादानं माझं मनगट धरलं. "बस," म्हणाला.

आणि तो सिनेमाबद्दल बोलायला लागला. महिन्याभरापूर्वी आम्ही एका मराठी सिनेमाची झलक बघितली होती, दिवाळीनंतर येणार होता. एसटीतला एक रिटायर झालेला कंडक्टर घर सोडून गेलेल्या मुलीला शोधत आपल्या जुन्या रस्त्यांवर फिरतो, एवढंच त्यातून कळत होतं. दादानं त्या फुटलेल्या आवाजात सगळी गोष्ट रचली. मुलगी का गेली, कंडक्टर पहिल्यांदा कुठल्या गावाला उतरला, त्याला कोण भेटलं. मध्ये खोकला यायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुन्हा सुरू.

"पोरगी सापडनार त्याला," तो म्हणाला. "पन ती वळख देनार न्हाई. तिकीट काढंल आन् खिडकीकडं बघत बसंल. तितंच सपवायला पाहिजे. पन हे लोक सपवनार न्हाईत बघ. गानं घालतील, गळ्यात गळा घालतील."

दोन तास गेले असतील. कधीतरी वहिनी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. दादानं तिकडं बघितलं, पण बोलणं थांबवलं नाही. मीही थांबवलं नाही. त्याला दुसरं काही बोलायला भीती वाटत होती, हे मला कळत होतं. मलाही तीच वाटत होती.

सकाळी त्याला ढकलगाडीवर घेतलं तेव्हा तो वॉर्डातल्या माणसाला म्हणाला, "चपला हितंच ऱ्हाऊ द्या." त्याच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.

ऑपरेशन नीट झालं, पुढं महिनाभर रेडिएशनचे शेक घेतले, दादा घरी आला. दवाखान्यानं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं, तेही आणलं. त्यातून निघणारा घरघराट ऐकून गाई दावं ताणायला लागल्या. दादानं ते पेटीत ठेवून दिलं. गाईंना तो टाळी वाजवून बोलवायचा. आठ-दहा दिवसांत त्या टाळीला वळायला शिकल्या. माणसांसाठी वही होती. पण सातवीत शाळा सुटलेला माणूस, लिहिणं सावकाश. एकेक अक्षर गिरवत तीन-चार शब्द व्हायचे, तोवर समोरच्याचा चेहरा अवघडलेला दिसायचा, मग तो पेन ठेवून द्यायचा.

फाल्गुनात मीच आग्रह केला. एक विनोदी सिनेमा लागला होता, लोक हसून बेजार होतायत असं ऐकलं होतं. दादा आला, गळ्याला पांढरं फडकं बांधून. थेटर भरलेलं होतं. पहिल्याच प्रसंगाला सगळे हसले. मी सवयीनं दादाकडं बघितलं. तोही हसत होता. तोंड उघडं, खांदे हलत होते, पण आवाज काही नाही. हसताना त्याला खोकला लागला. तो खोकला तोंडातून येत नाही, गळ्यातून येतो, शिट्टीसारखा, आणि त्याबरोबर कफ येतो. फडकं ओलं झालं. पुढच्या रांगेतल्या नवरा-बायकोनं मागं वळून बघितलं. बायको नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली आणि दोघं उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्यांच्याशी भांडावं असं मला वाटलं, पण मी तसाच बसून राहिलो.

त्यानंतर दादा हसला नाही. हसू आलं की ओठ दाबून धरत होता. इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा त्यानं वही काढून एकच शब्द लिहिला, "जाऊ." आम्ही कधी सिनेमा अर्धवट सोडला नव्हता. स्टँडवर चहा घ्यायलाही तो थांबला नाही.

कंडक्टरचा सिनेमा दिवाळीनंतर यायचा होता, तो लांबत लांबत चैत्रात आला. नगरला एकाच पडद्यावर, सकाळचा एकच खेळ. मराठी सिनेमाला हल्ली एवढंच मिळतं, आणि तेही एक आठवडा. मी फोनवर मेसेज करून कळवलं. दादाचं उत्तर आलं, "तू बघ." मी एकटा गेलो. थेटरात मोजून नऊ-दहा माणसं. सिनेमा बरा होता, म्हणजे कंडक्टरचं काम करणारा नट चांगला होता आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूला उभे होते. शेवटी मुलगी सापडली, पावसात गाणं झालं आणि दोघं गळ्यात पडून रडली.

त्याच दुपारी मी गावी गेलो. दादा कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात घालत होता. मी यंत्र बंद करायला लावलं, त्याला बाजेवर बसवलं आणि सगळी गोष्ट सांगितली. "तू म्हणालास तसंच केलं त्यांनी. गाणंसुद्धा घातलं." तो ऐकत होता, पण नजर कुट्टीकडं. माझं सांगून झालं. मी वही त्याच्या पुढं सरकवली. "मग? तुझं काय मत?"

त्यानं बराच वेळ लावून लिहिलं, "न बघता काय सांगू."

मग उठून त्यानं कुट्टीचं यंत्र पुन्हा सुरू केलं. त्या आवाजात मला पुढं काही विचारता येईना.

वहिनी गोठ्यात शेण काढत होती. मी तिथं जाऊन उभा राहिलो. तिनं वर न बघता विचारलं, "त्योच शिनेमा व्हय, दवाखान्यात सांगत हुते त्यो?"

"तोच."

"दोन तास बोलले त्या दिशी. माझ्याशी एक शबूद न्हाई."

"त्याला सुचलं नसेल, वहिनी."

"सुचाया काय लागतं?" ती म्हणाली. "निसतं नाव घेतलं असतं माझं. तीस वर्सांत एकदाबी घेतलं न्हाई. म्हनलं, आज तरी घेतील."

त्या दुपारी उठून बाहेर जायच्या ऐवजी मी बसून राहिलो होतो, हे तिलाही माहीत होतं. तिनं पाटी उचलली आणि उकिरड्याकडं गेली.

मी पाचच्या एसटीनं परतलो. तेव्हापासून थेटरात गेलेलो नाही. डेपोतले लोक नव्या सिनेमांबद्दल बोलतात, कुणाचा दुसरा भाग येतोय, कुणाचा तिसरा, आणि मला विचारतात, कसा असेल. मी म्हणतो, बघू. दादाला दर तीन महिन्यांनी पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. गेल्या खेपेला डॉक्टरबाईंनी त्याच्या मानेवरून दोनदा हात फिरवला, एका जागी बोट थांबवलं आणि पुन्हा स्कॅन करून घ्यायला सांगितलं. त्याची तारीख अजून मिळालेली नाही.