सोशिकपणाचे चार मार्क

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.च्या मराठीच्या पेपरात नापास झाले. लालबागच्या आमच्या चाळीत ही बातमी चारही मजल्यांवर माझ्याआधी पोचली. उत्तरं मुद्देसूद नव्हती म्हणे. म्हणून या खेपेला मी उशीएवढं जाड गाइड आणलं.

नेमलेली कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची. तिच्यातली विधवा दिरांच्या घरात तीस माणसांचं रांधते, बांगडी चोरल्याचा खोटा आळ येतो तरी ब्र काढत नाही. प्रश्न हमखास येणारा: तिच्यावरील अन्यायाची चर्चा करा. आणि गाइडातला पहिला मुद्दा काय, तर तिचा सोशिकपणा. त्याला चार मार्क. छळणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. माझं डोकं असं तापलं की त्यावर डझनभर भाकऱ्या भाजून निघाल्या असत्या.

रविवारी दुपारी सुरमई तळता तळता मी ओट्यावर वही ठेवून मुद्दे काढत होते आणि गाइडवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होते. मालवणकडच्या माझ्या सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या.

"चोरी तिना करूक नाय, मगे बोलली कित्याक नाय?"

"गाइड म्हणतं, सोशीक होती."

त्यांनी लसूण खाली ठेवला. "सोशीक खयची? गो, बोलली आसती तर ऱ्हवली आसती खय?"

मी सोशिकपणावर अशी काट मारली की खालची सहा पानं फाटली. वर लिहिलं, 'जायला दुसरं घर नाही.' मग त्याच तावात ताटं वाढली. नवऱ्याला आणि मुलाला मधले जाड तुकडे, सासूबाईंना शेपटीचा. बावीस वर्षं हात तसाच चालतोय. माझा हात.

सासूबाई शेपटीतले काटे काढायला लागल्या, आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"आई, तुम्हाला शेपटीच आवडते ना?"

"माका कोणी इचारला?"

मी नवऱ्याच्या ताटातला तुकडा उचलून त्यांच्या ताटात ठेवला.

"अगं, माझा तुकडा..."

"अहो, जरा सोशीक व्हा. चार मार्क आहेत."

सासूबाई हसल्या नाहीत. तुकडा मात्र पुरा संपवला. मी उठले आणि तेलकट हातानेच दुसरा मुद्दा लिहिला: 'घरातल्या कोणीही तिला कधी विचारलं नाही.' गाइडात तो नव्हता. पुन्हा नापास केलं तरी चालेल, पेपरात मी तोच लिहिणार होते.