गौरीचं पान वेगळं

उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींत अहल्याकाकूंचं नाव निघालं की अजूनही एकच वाक्य ऐकू येतं, "पोटच्या पोराला फासावर चढवलं हो बाईनं." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चढवलं म्हणे! त्या पोरानं काय केलं होतं, ते कुणी बोलतं का? नाही. मग मी बोलते.

फ्रीगंजात एकाच मजल्यावर आमची दारं समोरासमोर. काकूंचे यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर काकूंना स्टेशनच्या पार्सल ऑफिसात लावून घेतलं. घरात एकुलता एक गोपाळ, त्याची बायको गौरी आणि पाच वर्षांची मृणाल. गौरी माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची मैत्रीण. तेव्हा, ब्याण्णवच्या सुमारास, घरोघरी केबल यायला लागली होती आणि गोपाळला रातोरात शेठ व्हायचं होतं. केबलच्या धंद्याला सासऱ्यानं भांडवल द्यावं म्हणून तो हात धुऊन गौरीच्या मागे लागला. तिचा बाप देवासला साधा मास्तर. तो बिचारा कुठून आणणार?

एका दुपारी काकू ड्यूटीवरून आल्या, तर दारातून धूर, बाहेरून कडी लावलेली, आणि गोपाळ जिन्यात उभा. काकूंनी त्याला ढकललं नि कडी काढली. आत गौरी संपली होती. तिला बिलगलेली मृणालसुद्धा. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. नसते, तर त्या मेल्याला मी जिन्यावरून खाली ढकललं असतं.

पोलिसांना म्हणाला, "साब, स्टोव्ह फट गया." आणि अख्खं गणगोत त्याच्या बाजूनं उभं! काकूंचे धाकटे दीर सुधाकरभावजी तर रोज येऊन बसायचे. "वहिनी, गेल्या त्या गेल्या. तुम्हीही स्टोव्हच म्हणा. वंशाचा दिवा तरी विझवू नका."

वंशाचा दिवा! वंश जाळून बसलेला दिवा!

काकू कोर्टात उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला नि म्हणाल्या, "गॅस आल्यापासून आमच्या घरात स्टोव्ह पेटलेला नाही. तो पोटमाळ्यावर पडलाय. कडी बाहेरून होती. ती मी काढली." बस, एवढंच. वकिलानं घुमवून फिरवून विचारलं, तरी बाईचा शब्द हलला नाही. गोपाळला फाशीची शिक्षा झाली. मग वरची कोर्टं, दयेचा अर्ज, यात काही वर्षं गेली.

आता खरी गंमत ऐका. पितृपक्षात गौरीचं पान कधी वाढायचं, असं काकूंनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, नवरा हयात असताना गेली ना, मग अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवू घाला. ती सवाष्ण मी. आणि शेजारणींनी काय म्हणावं? "भागवान थी, सुहागन गई." अगं बायांनो, काही लाज? ज्यानं जाळली तो जेलात डाळ-रोटी खातोय, म्हणून ही भाग्यवान? पहिल्या वर्षी मी भरल्या पानावरून उठायलाच निघाले होते. काकूंनी माझा खांदा दाबला.

"बस, सुलू. तिच्या नावानं दुसऱ्या कुठल्या दिवशी वाढू? गुरुजी दुसरा दिवस देत नाहीत."

मी जेवले. दर नवमीला जेवत राहिले. पानाशेजारी काकू मृणालसाठी खिरीची लहान वाटी ठेवायच्या.

शहाण्णवच्या श्रावणात गोपाळला फाशी दिली. त्याआधी काकू एकट्या जेलात जाऊन त्याला भेटून आल्या. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, माझं पान वाढशील ना?"

"आणि तुम्ही?"

"मी डोक्यावरून हात फिरवला. केस पांढरे झालेत गं त्याचे."

"हात फिरवलात? त्याच्या डोक्यावरून?" मी ओरडलेच.

"मुलगा आहे, सुलू," काकू म्हणाल्या. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

पितृपक्ष लागला आणि सुधाकरभावजी हजर. म्हणे, "आता नवराही गेला, म्हणजे गौरीची नवमी बंद. घातानं गेलेल्यांची चतुर्दशी असते, त्या दिवशी दोघांची पानं जोडीनं मांडू. कसे का असेनात, शेवटी नवरा-बायको." जोडीनं! माझे हात शिवशिवले. काकू खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. भावजींना वाटलं, मानलं.

नवमीला सकाळीच काकूंनी मला हाक मारली. मी पाटावर बसते न बसते तो भावजी दारात.

"वहिनी, हे अशास्त्र आहे! हिचा नवरा मेलाय!"

काकू वाढता वाढता थांबल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "तिचा नवरा तेव्हाच मेला, भावजी, तिनं त्याच्या हातात काडी पाहिली तेव्हा. तेव्हा तुमचं शास्त्र कुठे गेलं होतं? आता मेला तो माझा मुलगा. त्याचं काय करायचं ते मी बघीन. पण गौरी त्याच्या शेजारी बसणार नाही. या आता."

आणि भावजींच्या तोंडावर दार लावलं. मी असं पोटभर जन्मात जेवले नव्हते.

चतुर्दशीला दुपारी काकू माझ्या दारात उभ्या. त्यांच्या घरातून तळणाचा वास येत होता. माझं टाळकंच फिरलं.

"वाढलंत ना शेवटी त्याला?"

"वाढलं. अळूवड्या केल्या. त्याला आवडायच्या."

मी तोंड फिरवलं. अजून एक शब्द बोलल्या असत्या तर मी दार लावून घेतलं असतं.

"सुलू," काकू म्हणाल्या, "मला तुझ्याकडे जेवायला वाढशील? त्या पानासमोर मला घास गिळवत नाही."

मी पाट मांडला. वरणभात वाढला, वर तूप घातलं. सकाळपासून पोरासाठी रांधत ती बाई उपाशी होती.