धोंडिराम पेंटरचं पहिलं पान

आमच्या कडेगाव तालुक्यात वस्तू दान करून तिच्यावर नाव न घालणारा माणूस मी पाहिलेला नाही. देवळातला पंखा, शाळेतलं बाकडं, विहारातली सतरंजी, सगळीकडे देणाऱ्याचं नाव. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून काही दाते तो बंदच ठेवायला लावतात. ही सगळी नावं धोंडिराम रणदिवे पेंटरांच्या हातची. मी त्यांना तात्या म्हणायचो. त्यांचं स्वतःचं नाव मात्र त्यांच्या दुकानावरही नव्हतं. गिऱ्हाइकांपुढे वेळच मिळाला नाही म्हणे.

१९९४ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आपल्याकडची चिल्लर छपाई हवी होती. जलशांची गाणी, जयंतीच्या स्मरणिका, असलं काहीबाही. तिकडे म्हणे त्यावर अभ्यास होतो. ते लोकांच्या मदतीने गोळा करायचं होतं. मी मराठीत एम.ए. करून घरी बसलो होतो, म्हणजे या कामाला अगदी लायक होतो.

लोक मदतीला तयार होते. फक्त पुस्तकं देत नव्हते.

"अमेरिकेत आमचं नाव कुठं लागणार?" आप्पासोंनी विचारलं. आप्पासो म्हणजे तालुक्यातले पहिल्या नंबरचे दाते.

शेवटी तात्या पुढे झाले. त्यांना गरज होती. त्यांचे वडील जोतिबा, तात्यांचे आबा, धम्मदीक्षेनंतर गावोगाव जलसा करायचे. त्यांच्या गाण्यांची एक पुस्तिका छापली होती. बाकीच्या प्रती वाळवीने खाल्ल्या, एकच उरली. तीही पुढून कुरतडलेली.

"ही तिकडं गेली तर टिकंल," तात्या म्हणाले. "हितं वाळवी लय शिकल्याली हाय."

पण ट्रंकभर माल जमल्याशिवाय ग्रंथालयाची बाई कडेगावला येणार नव्हती. तात्या म्हणाले, "माज्यावर सोड गड्या."

मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेलो. परत आलो तर ट्रंक काठोकाठ भरलेली. मी वरचं पुस्तक उचललं. मुखपृष्ठभर लाल ऑइलपेंट. 'आप्पासो यांजकडून अमेरिकेस सप्रेम भेट.' खाली पुस्तकाचं नाव होतं, असा अंदाज. प्रत्येक पुस्तकाची हीच दशा. आप्पासोंचं दान म्हणजे साखर कारखान्याचा जुना अहवाल होता.

"तात्या, हे काय केलंत?"

"नाव घाटलं. त्याबिगार देत्यात व्हय लोक?"

फक्त वडिलांची पुस्तिका कोरी होती.

"हिच्यावर का नाही?"

"बापाच्या अंगावर रंग टाकू व्हय रं?"

बाई जीपमधून आल्या. पुण्यात मराठी शिकलेल्या. ट्रंक उघडली तेव्हा मी भिंतीकडे पाहत होतो.

"हे अत्यंत महत्त्वाचे आहे!" बाई ओरडल्या. "दात्यांची परंपरा! मी सर्व घेणार."

कारखान्याचा अहवाल त्यांनी छातीशी धरला. शेजारी उभ्या आप्पासोंना आपण एवढे महत्त्वाचे आहोत हे माहीत होतंच. मग बाईंनी तळाची पुस्तिका काढली, उलटून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"हिला पहिले पान नाही. पहिल्या पानाशिवाय नोंद करता येत नाही. नियम आहे."

"बाई, हे माझ्या वडलांचं हाय. आवं, एकच हाय."

"मला वाईट वाटते."

वाईट सगळ्यांनाच वाटलं. आप्पासोंनी घड्याळ पाहिलं.

तात्या उठले. दुकानात जाऊन एक जाड कागद कापून आणला, त्यावर काळ्या रंगात लिहायला बसले. 'जलशाची गाणी. रचणार व गाणार: जोतिबा रणदिवे, कडेगाव.' आयुष्यभर देणाऱ्यांची नावं रंगवली. करणाऱ्याचं नाव लिहिताना त्यांचा कुंचला मी पहिल्यांदा अडखळताना पाहिला.

कागद पुस्तिकेला पुढून टाचला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला.

"आता पहिले पान आहे," त्या म्हणाल्या. नियम बिचारा एवढ्यावरच खूश झाला.

"आन् देणाऱ्याचं नाव रं, धोंडिराम?" आप्पासोंना राहवेना. "फुकटच गेलं की तुजं!"

"मी कुठं दिलंय? आबा सोताच चालल्यात."

रंग ओला होता. तो वाळेपर्यंत जीप हलवता येईना. अमेरिका, आप्पासो आणि मी, सगळे भर उन्हात थांबलो. तात्या पानावर फुंकर घालत होते. घाई करत नव्हते.