बिघडलेली अक्षरं दुरुस्त करून मिळतील

टायपिंगच्या दुकानात कागदाचा कचरा रोज झाडून काढता येतो. किस्से मात्र साचत जातात. कुणाला सांगितले की कमी होतील म्हणावं, तर ऐकणारा स्वतःचे दोन टाकून जातो!

आमचं सेंटर धाडच्या एसटी स्टँडजवळ. मालक भास्करभाऊ, टायपिंग करणारी मी. जुन्या फॉन्टमधली मराठी फाईल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, की मराठी गायब! नुसते कंस, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरं. ती परत मराठी करून देणाऱ्या साइट नेटवर ढिगानं आहेत. त्यातली कोणती धरायची, हे ठरवता ठरवता आमची जी गंमत झाली, ती सांगते.

*

सुरुवात देऊळघाटच्या एका काकांनी केली. मेलवर आलेलं पत्र त्यांनी कुठूनतरी छापून आणलं होतं. पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’. तो ‘आ’ आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं.

काकांनी कागद भास्करभाऊंपुढे धरला. "हे काऊन बे नुसतं आ-आ-आ करून राह्यलं? दाताच्या डाक्तरापाशी बसल्यावानी!"

भाऊंनी गंभीरपणे पान उलटलं. "पुढच्या पानावर दाढ निघाली असंन, काका!"

*

पहिली साइट भाऊंनीच शोधली. झटपट काम करायची, पण पहिली वेलांटी उचलून पुढच्या अक्षरावर ठेवायची. हे आम्हाला कळलं उशिरा. तोवर पंचायतीच्या एका उमेदवाराची पत्रकं गावभर वाटून झाली होती. त्यावर ठळक अक्षरात: ‘गावाचा वकिास हेच ध्येय!’

दुसऱ्या दिवशी उमेदवार दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसला. मी प्रिंटरमागे वाकले. भाऊ म्हणाले, "साहेब, चूक झाली. आत्ता नवीन काढून देतो."

"नवीन नको, हेच अजून काढ! लोकाईले वाटलं, मी फुकट वकील देऊन राह्यलो. बांधाच्या भांडणवाले सारे माह्याकडं आले!"

*

मग भाऊंनी साइट तपासायची स्वतःची पद्धत काढली. वहिनींचं नाव टाकून बघायचं. "जे साइट घरधनिनीचं नाव बराबर आणते, तेच आपली!"

वहिनींचं नाव मंदा. पूर्ण लिहिलं की ‘मंदा भास्कर’. दुसऱ्या साइटनं अनुस्वार खाल्ला: ‘मदा भास्कर’. तिसरी जास्त हुशार निघाली. ती शुद्धलेखनही आपोआप सुधारायची. तिनं मजकूर दिला: ‘मंद भास्कर’.

नेमक्या तेव्हाच वहिनी डबा घेऊन आल्या आणि भाऊंच्या खांद्यावरून स्क्रीन वाचू लागल्या. भाऊ घाईघाईनं ती साइट बंद करायला गेले.

"राहू द्या!" वहिनी म्हणाल्या. "हेच घ्या. इले मानूस वळखता येते!"

*

वहिनींचा शब्द मोडायची भाऊंची काय बिशाद? तिसरी साइट ठेवली. ती होती इंग्रजीत. तिच्यात एक लग्नपत्रिका टाकली, तर मध्येच वर एक चौकोन आला, ‘भाषांतर करायचं का?’ मी हो म्हटलं. अख्खी लग्नपत्रिका इंग्रजीत गेली. घाबरून परत मराठीचं बटण दाबलं. आली बिचारी मराठीत.

पत्रिकेचं नमुन्याचं पान घ्यायला मुलीचे वडील डोणगावहून आले. चष्मा लावून वाचू लागले. विवाहस्थळ लिहिलं होतं ‘मु. पो. धाड’. झालं होतं ‘मुख्य पोलीस छापा’!

त्यांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला. "बाई, हे वाचून वऱ्हाड येईन का पयून जाईन?"

*

शेवटी चौथी साइट सापडली. काही हुशारी नाही, शुद्धलेखन नाही, भाषांतर नाही. दिलं तेवढं सरळ करून द्यायची. तिच्यावर पहिलं मोठं काम आलं एका रिटायर्ड गुरुजींचं.

गुरुजींनी पूर्वी एका बोटानं टाइप करत स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं होतं. कॉम्प्युटर बिघडला, पेन ड्राइव्हमध्ये उरलेली फाईल नुसते कंस दाखवायची. बुलडाण्यात दोन दुकानांनी सांगितलं, "फाईल मेली." गुरुजींनी आशा सोडली होती. त्यांच्या घरच्या काकूंनीच त्यांना ओढत आमच्याकडे आणलं. "यायनं काय लिवलं, मले एकदा ऐकू त द्या," म्हणाल्या.

मी मजकूर टाकला, बटण दाबलं. पानभर स्वच्छ मराठी! गुरुजी खुर्चीवरून उठलेच. "वाच पोरी, कुठूनबी वाच."

मी समोर आलेलं प्रकरण वाचायला घेतलं. "मुलगी पाहायला गेलो. सोबत मित्राला नेले. पोहे घेऊन थोरली बहीण आली. मला तीच पसंत पडली. घरी परतल्यावर कळले, माझ्यासाठी धाकटी ठरली आहे."

मी थांबले. भास्करभाऊ छताचा पंखा बघू लागले. ती धाकटी माझ्या शेजारच्या स्टुलावर पदर सावरून बसली होती.

गुरुजी खाकरले. हळूच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरी, हे परत कंसात करता येते का?"

"काऊन? राहू द्या की!" काकू म्हणाल्या. "मी बी त दाराआडून तुमच्या दोस्ताले पाहूनच हाव म्हनलं होतं."

गुरुजी खुर्चीत बसले. काकूंनी स्टूल माझ्या जवळ सरकवलं.

"लिव्ह पोरी, त्याच्याच खाली लिव्ह. शर्ट निळा होता, हे बी टाक!"