खांद्यावरचा हात

आमच्या लग्नात फोटो निघालाच नाही. पुण्याहून सांगितलेला फोटोवाला वरात परतली तरी उगवला नाही, आणि पंधरवड्यात रजा संपून हे पलटणीत परत गेले. त्यामुळे पासष्ट साली लढाई पेटली तेव्हा नवऱ्याचा चेहरा माझ्याजवळ फक्त आठवणीतला होता. खरं सांगते, तोही नाकापाशी पुसट व्हायला लागला होता.

अशात एक दिवस टपालानं ह्यांचा फोटो आला. मी उभ्या उभ्या वेडी झाले. खाकी वर्दी, वाढवलेल्या मिशा, आणि डाव्या बाजूला एक धिप्पाड शीख जोडीदार, ह्यांच्या खांद्यावर भला मोठा पंजा टाकून उभा. फोटोच्या मागे ह्यांनी लिहिलं होतं, 'हा रात्री माझं कांबळं ओढतो.' माझा देश तोवर पुण्यापर्यंतच होता, त्या दिवशी तो एकदम त्या पगडीपर्यंत जाऊन पोचला. सगळं चांदे गाव फोटो बघून गेलं.

मला मात्र एकच ध्यास लागला. ह्यांच्या शेजारी मीही उभी आहे असा फोटो ह्यांच्या खिशात असायला हवा, आणि तोही पलटण आणखी पुढं सरकायच्या आत.

पिरंगुटच्या बाजारात एक फोटोवाला पडदा टांगून बसायचा. दोन ठिकाणची माणसं तो एका फोटोत आणतो, असं ऐकलं होतं. मी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या मागं असा लकडा लावला की त्या कंटाळून निघाल्या. लग्नातला शालू वर खोचून मी चिखल तुडवत सुटले, आणि मागून त्या ओरडत होत्या, "अगं, फोटू काडायचाय का शर्यत लावायचीय?"

फोटोवाल्यानं ह्यांचा फोटो निरखला. "सोपं आहे. सरदारजींना कापतो, त्यांच्या जागी वहिनींना चिकटवतो आणि त्याचा पुन्हा फोटो घेतो," असं म्हणून त्यानं कात्री उचलली.

आत्याबाई ताडकन उठल्या. "खबरदार! तितं लडाई चाललीया, आन् तू हितं माज्या पोराभवती कात्री फिरवतूस व्हय? आन् त्यो बी कुनाचं तरी लेकरू हाय!"

"कागद आहे हो, मावशी," तो म्हणाला. त्यांनी फोटोच उचलून पदराखाली घातला. "चल गं घरला."

माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि मग डोकंच फिरलं. "मग मला कापा!" मी केवढ्यानं ओरडले! भाजीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. "माजा फोटू काडा, मला कापा आन् त्या सरदारजींवर चिकटवा. मी हितं सुखात हाय, मला काय धाड भरलीया?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पदराखालचा फोटो पुन्हा पुढं केला. फोटोवाला हसून म्हणाला, जमेल. फक्त सरदारजी माझ्यामागं झाकले गेले तरी त्यांचा पंजा ह्यांच्या खांद्यावर उरणार. तो झाकायचा तर बरोबर त्याच जागी माझा हात यायला हवा.

झालं! मी लाजेनं लाल. आमच्याकडं चारचौघांत नवऱ्याशी बोलायचीही चोरी, आणि इथं त्याच्या खांद्यावर बायकोचा हात! मी मान वर करेना. त्यातून हाताची उंची जुळायला ह्यांच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. फोटोवाला शेजारच्या दुकानदाराला हाक मारायला लागला.

"कुनाला बलवू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी एक लाकडी खोकं ओढलं, माझा हात धरून त्यावर चढल्या, पदर सारखा केला आणि शिपायासारख्या ताठ उभ्या राहिल्या. "मी हाय त्येच्या जागी. ठिव हात."

मला हसू फुटत होतं. कसंबसं दाबत मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हसू तिथंच विरलं. तो खांदा थरथरत होता. काळ्या कापडाआडून फोटोवाला सारखा "हलू नका, हलू नका" म्हणत होता. आत्याबाईंनी मान वळवली नाही. समोर बघतच त्या हळू म्हणाल्या,

"आसा ढिला नगं, पोरी. घट धर त्याला."