तेलाची आंघोळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही, आणि त्याला माझं बाकी सगळं ठाऊक आहे. तुला सांगतेय, कारण सोमवारपासून तुझे रेडिएशनचे शेक सुरू होणार. आधी कामाचं सांगते, मग माझं.

शेकाचं यंत्र अंगाला टेकत नाही, दुखत नाही. छातीवर जांभळ्या शाईनं रेषा आखतील – त्या शेवटच्या दिवसापर्यंत पुसू द्यायच्या नाहीत. तिथे साबण नको, पावडर नको, तेल तर नकोच. पोलकं जुनं, मऊ, सुती घाल. शाईचे डाग पडतात. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात घट्ट बांगड्या भरू नकोस. आणि भिंतीला बोटं लावून रोज थोडी थोडी वर चढव. पहिल्यांदा रडू येईल. मग एक दिवस आपली वेणी आपण घालशील. मी घातली.

हो, मी. दचकलीस ना?

वाशीची वसाहत तेव्हा नवी होती. मी तिथल्या शाळेत शिकवायचे. शेजारी सांगितलं, पित्ताशयात खडे झाले, ते काढले. शेकासाठी रोज खाडीपुलावरून बसनं मुंबईला जायचे, तेव्हा म्हणायचे, ट्रेनिंग आहे. पोलक्यात कापडाची घडी घालायचे. मुलगी कॉलेजात होती. आईला कॅन्सर म्हटल्यावर स्थळं जिन्यावरूनच परत गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची – मी ती चांगली घट्ट झाकली. इथवर मला फारसं वाईट वाटत नाही. खोटं बोलले, पण त्यात दुसऱ्या कुणाचं काही गेलं नव्हतं.

काही वर्षांनी समोरच्या दारातल्या मंदाला तेच निघालं. माझ्यापेक्षा लहान होती, कोकणातली. नवरा तळोज्याला कारखान्यात, घरात सासू. मंदानं काही म्हणजे काही लपवलं नाही. भाजी घेतानासुद्धा सांगायची. बायका तिच्याकडचं पाणी पिईनाशा झाल्या, तरी सांगायची – ‘कुणाला काय म्हाईत असंल तर बोला गं.’ मी गाजरं निवडत उभी असायचे. मला किती माहीत होतं! तिच्याजवळ असले की भीती वाटायची, जणू ती माझंच सांगत सुटलीय.

तिचे शेक चालू असताना दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली, मागे सासू. म्हणाली, ‘वहिनी, तुमी शिकलेल्या. आई म्हनतात, सनाला तेल-उटनं लावलंच पायजे. डॉक्टर म्हनतात रेषा पुसू नको. एक दिवस चालंल का हो?’

त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी नको म्हटलं असतं तर म्हातारीनं ऐकलं असतं. माझा शब्द तिथे चालायचा.

आणि मला उत्तर ठाऊक होतं गं. माझ्याही शेकात दिवाळी आली होती. मी टाळूला तेलाचं बोट लावलं, कमरेखाली पाणी घेतलं, वर ओला पंचाही लावला नाही – झाली आंघोळ, झाला सण. एवढंच सांगायचं होतं. पण तिनं विचारलं असतं, ‘तुमाला कसं म्हाईत?’ मग ती ते भाजीवाल्यापाशी बोलली असती. मुलीचं त्याच महिन्यात कुठे जमत आलं होतं.

मला काही माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी तिनं आणखी कुणाला तरी विचारलं असतं. मी म्हटलं, ‘वर्षाचा सण आहे. सासूबाई म्हणतात तर कर.’

असं म्हटलं मी.

रेषा गेल्या. सुट्टीनंतर इस्पितळात तिला ओरडा बसला, पुन्हा आखणी झाली, मधले दिवस वाया गेले. शेकानं आधीच नाजूक झालेली कातडी उटण्यानं सोलली होती. तिथे फोड फुटले. मंदा घाबरली. म्हातारी म्हणाली, हा शेकाचा लाइटच पोरीला जाळतोय, आणि तिला झाडपाल्यासाठी गावी घेऊन गेली. पुढच्या दिवाळीला मंदा नव्हती. शेक पुरे झाले असते तर वाचली असती? मला माहीत नाही. मी पुरे केले, मी आहे. मुलीचं लग्न झालं, ती सुखात आहे. तिलाही मी खड्यांचंच सांगितलंय.

म्हणून तू कुणी काही म्हणो, शेक मध्येच सोडू नकोस. अडलं तर तिथल्या डॉक्टरांनाच विचार, शेजारच्या शिकलेल्या बाईला नको.

आणखी एक राहिलं. त्या नरकचतुर्दशीला उजाडल्यावर म्हातारी फराळाचं ताट घेऊन आली. म्हणाली, ‘तुमी बोललात म्हनून ऐकली हो, बाई. नायतर हट्टाला पेटली होती.’ मागे दारात मंदा न्हालेली, केस मोकळे सोडून उभी होती. माझ्याकडे बघून हसली. ताट रिकामं परत करायचं नसतं. मी त्यात करंज्या घालून दिल्या.